काहील आणि कयाक

"हौस म्हणून पाण्यात उतरायची ही पहिलीच बारी बघ," मामा म्हणाला.

सकाळचे साडेसात. गिरगाव चौपाटीसमोर आम्ही दोघं एका कयाकमध्ये, अंगात ओल्या वासाची लाइफ जॅकेटं. मी वल्हं उलटसुलट मारत होतो. मामा मात्र संथ, एका लयीत. विचारलं, कुठं शिकलास? तर म्हणे, काहिलीत.

मामा शिरोळ तालुक्यातला. 2019 च्या महापुरात गावात होड्या कमी पडल्या, तेव्हा गुऱ्हाळातल्या काहिली पाण्यात सोडल्या होत्या. ज्या कढईत गूळ शिजतो, त्याच कढईत बसवून माणसं बाहेर काढली. "काहील गोल. नीट वल्हवली नाही तर जागच्या जागी गरगर फिरती. तुझी ही बरीय, सरळ तरी जाती."

मग तो बराच वेळ मरीन ड्राइव्हच्या इमारतींकडे बघत राहिला. मला वाटलं, भारावला असेल. (फोटो काढायला मी मोबाइलही बाहेर काढला!)

"इथं पाणी कुठवर चढतं रे?"

मला सांगता येईना. त्याच्या घरात भिंतीवर 2005 आणि 2019 च्या दोन रेघा आहेत, तारखेसकट. आमच्या कुर्ल्याच्या घरातही 26 जुलैची एक रेघ होती. कमरेच्या वर. नंतरच्या रंगकामात गेली, आणि आता ती नेमकी कुठं होती यावर माझं नि आईचं एकमत होत नाही.

तुमच्या घरात आहे का अजून?