२२ आणि २३च्या मध्ये

आज संगीतकार होनेगरच्या ‘राजा दावीद’ या रचनेच्या तालमीत वृंदसंचालक म्हणाले, "२२ संपलं की थांबायचं नाही. लगेच मार्च." एवढंच. सगळ्यांनी पेन्सिलीनं पानावर खूण केली, मीही केली. पण मनात जो राग उसळला तो मेट्रोतून उतरेपर्यंत गेला नाही, आणि आता भांडी घासून लिहायला बसले तरी आहेच.

२२ म्हणजे त्यातला बाविसावा तुकडा, एफ्राईमच्या अरण्याचं गाणं. बायबलमधल्या दावीद राजाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध उठला, लढाईत खेचरावरून जाताना त्याचं डोकं झाडाच्या फांद्यांत अडकलं, आणि दावीदानं त्याला सांभाळा म्हणून बजावलं असतानाही सेनापती यवाबानं त्याला मारलं. होनेगरनं हे सगळं एका सोप्रानोला, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेला, आणि आम्हा बायकांना दिलंय. इतकं छोटं, की सूर नीट लागेपर्यंत संपतं. कराराचा कोश, म्हणजे देवाची पवित्र पेटी, नाचत आणतात तो प्रसंग केवढा लांबलचक. आधीचा राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान लढाईत पडल्यावर गिलबोवाचा विलापही चांगला ऐसपैस. आणि पोटच्या पोरासाठी इतकंच? लगेच हिब्रूंची फौज परत येते, पितळी वाद्यं, ढोल.

मी संचालकांना विचारणार होते, मग नाही विचारलं.

दादाच्या वेळी बाबांनी दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं. तेराव्याला स्वतः पंगतीत वाढलं. मठ्ठा हवा का, भात घ्या, असं प्रत्येकाला. मी माजघरातून बघत होते. त्या माणसाला मी आजपर्यंत मनातून सोडलेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला तरी कुठे थांबू दिलं कुणी? पंधरा दिवसांत परीक्षा, मग लग्न, मग इथे. आई म्हणायची, तू धीराची. धीराची म्हटलं की रडायची सोय राहत नाही. पण ते असो.

रात्री बायबलमधलं शमुवेलाचं दुसरं पुस्तक काढून वाचलं. तिथे दावीद रडतो, भरपूर रडतो. वेशीवरच्या माडीवर जाऊन, तुझ्याऐवजी मीच मेलो असतो तर, असं म्हणत. जिंकून आलेली फौज चोरासारखी गावात शिरते. मग यवाब येऊन सुनावतो: ज्यांनी तुझा जीव वाचवला त्यांना तू आज लाजवलंस, बाहेर ये, नाहीतर रात्रीपर्यंत तुझ्याजवळ एक माणूस राहणार नाही. आणि राजा उठतो. वेशीत जाऊन बसतो. लोक समोर येतात.

हे मी पूर्वी वाचलं होतं, पण तो वेशीत जाऊन बसतो तिथे कधी थबकले नव्हते. यवाबाचं बोलणं दुष्ट आहे, मारेकरी तोच. तरी तो खोटं बोलत नाही.

मग होनेगरचाही विचार केला. १९२१ साली इथे स्वित्झर्लंडमध्येच, मेझिएर गावातल्या त्या लाकडी नाट्यगृहासाठी, इथून फार लांब नाही, नाटककार मोराक्सच्या नाटकाला संगीत हवं होतं आणि वेळ होता जेमतेम दोन महिने. वादक १७, गायक सुमारे १००, बहुतेक आसपासचे हौशी. व्हायोलिनं नाहीतच. होनेगरनं संगीतकार स्ट्राविन्स्कीला सल्ला विचारला, तर तो म्हणाला, हेच १७ जण तुला हवे होते असं समजून लिही. होनेगर तेव्हा २९ वर्षांचा. ११ जूनला प्रयोग झाला, २७ तुकडे. प्रसंग उघडायचा आणि पुढे जायचं, असंच ते बांधलंय. १९२३मध्ये नाटकाचे संवाद गेले आणि निवेदक आला.

तेव्हापासून दावीद कोण, हे सांगता येत नाही. मेंढपाळ मुलाचं गाणं आल्टो, म्हणजे खालच्या पट्टीची गायिका, गाते. डोंगरांकडे नजर लावणारं स्तोत्र टेनर, म्हणजे उंच पट्टीचा गायक, गातो. कबुतराचे पंख मागतो तेव्हा सोप्रानो. दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्यापायी पाप केल्यानंतरची क्षमायाचना आम्ही सगळे मिळून. राजाला स्वतःचा म्हणून एक गळाच दिलेला नाही. मला आधी ही उणीव वाटायची. आज वाटलं, त्याला जे पेलवत नाही ते दुसरं कुणी तरी गातं. अबशालोमसाठी तो गात नाही, आम्ही बायका गातो, आणि तेवढ्यात त्याला वेशीत जाऊन बसायचं असतं.

मार्च त्याचा नाहीच. मार्च लोकांचा आहे.

म्हणजे बाबा पंगतीत वाढत होते तेव्हा माजघरात आम्ही होतो. मी, आई, काकू. आमचं रडणं बाहेर पंगतीपर्यंत ऐकू जात होतं, हे मला आत्ता आठवतंय. त्यांनाही ऐकू गेलंच असणार. राग पूर्ण गेलाय असं नाही म्हणणार, पण त्याला बसायला आता तेवढी जागा उरली नाही.

मार्चनंतर २४वा तुकडा येतो, एक स्तोत्र, प्रभू, मी तुझ्यावर माया करीन, असं. इतक्या लवकर हे कसं म्हणवतं, असं मला नेहमी वाटायचं. बाबा देवाधर्मातले नव्हते. दादानंतर कधीतरी ते पहाटे हरिपाठ म्हणायला लागले, पुटपुटत. कधीपासून, ते मला माहीत नाही. मी तेव्हा पुण्याला होते. रविवारी आईचा फोन येईल तेव्हा विचारायचंय. ती म्हणेल, आत्ता कशाला ते. तरी विचारणार आहे.