एकच स्टेन आणि तीन लाकडं

घरी टीव्ही युनिट करतोय, फ्रेम जुन्या दाराच्या चौकटीतल्या सागाची, फळ्या पाइनच्या आणि दोन्ही बाजूंना सागाचं व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेला प्लाय. लोक म्हणतात वॉलनट स्टेनचा (लाकडात मुरणाऱ्या रंगाचा) एक डबा आण, सगळीकडे फास, झाला सेम कलर! नाही होत हो तसा.

सगळ्यात जास्त त्रास पाइनचा. त्याचा फिका मऊ भाग स्टेन भसाभस पितो आणि गडद कडक रेषा जवळजवळ काहीच घेत नाहीत, म्हणजे सुकल्यावर फिकं ते गडद आणि गडद ते फिकं, अगदी फोटोच्या निगेटिव्हसारखं, वर मधेमधे डाग पडतात ते वेगळेच. म्हणून पाइनला स्टेनच्या आधी स्पिरिटमध्ये एकदम पातळ केलेल्या चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) एक हात द्यायचा, सुकला की २२० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासायचं, मग स्टेन. रंग थोडा फिका येतो पण सारखा येतो, गडद हवा तर दुसरा हात आहेच. वरून पीयू (पॉलियुरेथेनचं पारदर्शक पॉलिश) मारणार असाल तर चपडा मेण काढलेलाच घ्या, नाहीतर पीयू नीट धरत नाही. आणि फळीची कापलेली टोकं ३२० पर्यंत घासा, तिथे स्टेन फार शोषला जातो.

जुन्या सागाला मी स्टेन लावतच नाहीये. इतकी वर्षं मुरलेला तो रंग डब्यातून येत नाही, माझं तरी ठाम मत आहे! फक्त साग तेलकट, त्यामुळे पॉलिशच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचा. म्हणजे पाइन आणि प्लायने सागाच्या रंगाकडे यायचं, सागाने त्यांच्याकडे नाही.

व्हिनियर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, कधी त्याहून कमी, तिथे मशीन नको, हातानेच रेषांच्या दिशेने घासायचं.

शेड ठरवताना पाइन आणि प्लायच्या उरलेल्या तुकड्यांवर स्टेन आणि वरचा कोट दोन्ही, सागाच्या तुकड्यावर नुसता कोट मारून बघा, कारण कोट बसला की रंग बदलतो. उजेडात बघा आणि हॉलच्या पिवळ्या लाइटमध्ये पण बघा. कोट मात्र दमट हवेत नको, चपडा पांढुरका पडतो. सध्या पाऊस आहे, त्यामुळे फळ्या तशाच भिंतीला टेकवून ठेवल्यात, उघडीप मिळाली की पुढचं काम.