यीस्टच्या विरजणासाठी स्टरर निवडताना

माझा भाचा अमेरिकेत राहतो आणि हौसेने घरी बिअर करतो. घरगुती वापरापुरती ती करण्याची मोकळीक तिथल्या केंद्र सरकारने १९७८ च्या कायद्याने दिली. दिवाळीला इंदूरला आला तेव्हा तो म्हणाला, "मावशी, तुझी सगळी नोकरी मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली, मला एक मॅग्नेटिक स्टरर तूच निवडून दे."

खालच्या फिरत्या चुंबकाने फ्लास्कमधली चुंबकाची कांडी, म्हणजे बीड, फिरवून द्रव ढवळणारा हा स्टरर त्याला हवा होता स्टार्टरसाठी, म्हणजे यीस्टच्या विरजणासाठी. बारा अंश प्लेटोच्या, म्हणजे आंबवण्याआधी वजनाने सुमारे १२ टक्के साखर असलेल्या, २० लिटर एल प्रकारच्या बिअरला साधारण १८० अब्ज यीस्टपेशी लागतात. पाकिटातले द्रवरूप यीस्ट जुने झाले की त्यातल्या जिवंत पेशी कमी होतात, म्हणून लिटरभर पाण्यात माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) अर्काची १०० ग्रॅम पावडर उकळून, ते पूर्ण निववून, त्यात यीस्ट आधी वाढवून घ्यावे लागते. कोरडे यीस्ट वापरणाऱ्याला हा खटाटोप सहसा करावा लागत नाही. ढवळत राहिल्याने पेशी तळाशी बसत नाहीत, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हवेतला ऑक्सिजन आत येत राहतो. पेशीचे आवरण बांधायला लागणारी स्टेरॉल यीस्टला या ऑक्सिजनाशिवाय तयार करता येत नाहीत. फ्लास्कच्या तोंडावर घट्ट बूच न लावता फॉइल सैल ठेवायचे ते याचसाठी.

हे काम एक-दोन दिवस अखंड चालते, त्यामुळे कमाल वेग किती यापेक्षा कमी वेगात यंत्र किती स्थिर चालते, हे मी आधी पाहते. पृष्ठभागावर लहानसा खळगा दिसला तरी पुरे. तळापर्यंत भोवरा उतरवण्याची गरज नाही.

दुकानात जाताना आम्ही घरातला दोन लिटरचा कोनिकल फ्लास्क, तांदळाची पिठी आणि पाण्याची बाटली बरोबर नेली. दुकानदाराने आधी हॉट प्लेट असलेला चकचकीत स्टरर लावला. पाण्यात यीस्टच्या जागी चमचाभर पिठी टाकून वेग हळूहळू वाढवला, तर बीड मध्येच निसटून काचेवर टकटक आपटू लागला आणि पिठी तळाच्या कडेला गोल रेघ धरून बसली. आमच्या फ्लास्कचा तळ मध्यभागी किंचित फुगीर आहे, आणि अशा तळावर बीड घसरू द्यायचा नसेल तर खालच्या चुंबकाची पकड घट्ट असावी लागते. बीडही थोडा लांब, ४० मिलिमीटरचा घेतला तर कडेची पिठी उचलली जाते, हे तिथेच दिसले.

हॉट प्लेट नकोच, असे माझे ठाम मत आहे. नोकरीत असताना एकदा तापमानाची खुंटी जराशी फिरलेली राहिली आणि रात्रीतून माझे अख्खे कल्चर मेले. त्या सकाळी कोमट फ्लास्कला हात लावल्यावर झालेले दुःख मी अजून विसरलेले नाही. नुसत्या मोटरच्या उष्णतेनेही द्रव थोडा तापतोच.

शेवटी तापवण्याची सोय नसलेला, १२ व्होल्टवर चालणारा साधा स्टरर घेतला. त्याच्या अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले मी चष्मा लावून वाचले, कारण आपल्याकडचे थेट २३० व्होल्टवर चालणारे यंत्र अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर नीट चालणार नाही. सोबत एक सुटे चुंबकही दिले: स्टार्टर ओतताना ते फ्लास्कला बाहेरून लावून धरले की बीड आतच राहतो.