दुर्बिणीतून अपेंडिक्स: भोकं तीन, खरं काम बुंध्याशी

आज दिवसभर एकच वाक्य कानावर पडलं: "दुर्बिणीतून आहे ना, मग किरकोळच की!" छेद छोटे असतात हो, ऑपरेशन छोटं नसतं.

बेंबीपाशी १० मिमीचा पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायची नळी), ओटीपोटात ५ मिमीचे दोन. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड, दाब साधारण १२ मिमी पारा. मूत्राशय आधी रिकामं हवंच, कारण खालचा पोर्ट त्याच्या अगदी जवळून शिरतो. टेबल डोक्याकडे खाली आणि डावीकडे कललं की आतडी आपोआप बाजूला सरकतात.

अपेंडिक्स दिसत नसेल तर चाचपडत बसू नये. मोठ्या आतड्यावरचे तीन स्नायूपट्टे सीकमवर, म्हणजे त्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागावर, जिथे एकत्र येतात, तिथेच अपेंडिक्सचा बुंधा. मेसोअपेंडिक्समधली (अपेंडिक्सला धरणाऱ्या पडद्यातली) धमनी बायपोलर या विजेच्या चिमट्याने जाळायची, बुंध्याशी दोन एंडोलूप (आवळायचे दोऱ्याचे फास), पलीकडे एक, मधे काप. गफलत इथेच होते. सूज पाहून बिचकून वरच गाठ मारली तर अपेंडिक्सचा लांब खुंट उरतो आणि त्यालाच पुन्हा सूज येऊ शकते. खुंट ५ मिमीपेक्षा कमीच ठेवावा. बुंधाच सडलेला असेल तर लूप त्यातून कापत जातो. तिथे स्टेपलर (पिना मारून कापणारं यंत्र), तोही सीकमच्या निरोगी भागावर.

तुकडा पिशवीतूनच बाहेर, नाहीतर बेंबीची जखम पिकते. पू असेल तर आधी शोषून घ्यावा. बादलीभर सलाईन ओतून तो पोटभर पसरवण्यात काय हशील?

दुसऱ्या दिवशी खांदा दुखतो तो उरलेल्या गॅसने श्वासपटल चिडल्यामुळे. एक-दोन दिवसांत थांबतो. ताप आणि पोटफुगी मात्र थांबून पाहायची नसते.