व्यापारी संघाने गिऱ्हाईक दिलं नाही, थकलेले पैसे मात्र सुटले

बचतगटातल्या बायका भेटल्या की हल्ली हमखास विचारतात, "व्यापारी संघात नाव घातलंस, मग विक्री वाढली का गो?" विक्री वाढली नाही. संघामुळे आलेलं एकही नवं गिऱ्हाईक मला दाखवता येणार नाही. तरी यंदाची वर्गणी मी भरली आणि पुढच्या वर्षीचीही भरणार आहे. घरातून धंदा करणारीला वर्गणीचे पैसे म्हणजे बाटल्या-बुचांच्या खरेदीतून काढलेले पैसे. म्हणून हा अनुभव जरा तपशिलात सांगते.

माझा धंदा भिरंडांचा, म्हणजे कोकमांचा. एप्रिल-मे महिन्यांत गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या पट्ट्यातून पिकलेली भिरंडं घ्यायची, फोडून साली उन्हात घालायच्या, रसाची पुटं देत देत सोलं काळीभोर होईपर्यंत वाळवायची आणि बाकीच्या रसात मीठ घालून आगळ करायचं. जोडीला फणसाची साठं, आंबोशी आणि मिस्कूट, म्हणजे कैरीचं लोणचं. पहिल्या पावसाच्या आत सगळं आटपायला हवं, त्यामुळे त्या दिवसांत अंगण, सोपा, गच्ची यांतली कुठलीच जागा घरच्यांना मोकळी मिळत नाही. कागदपत्रं मी सुरुवातीलाच केली होती. तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली की अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरायची. मी केली तेव्हा तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर फुकट आहे. आधार आणि पॅन घेऊन सरकारी संकेतस्थळावर बसलं की ती होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या एजंटाच्या वाटेला जाऊ नका.

माझी गिऱ्हाइकं दोन प्रकारची. पहिली घरगुती. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत बायका येतात, वर्षभराची सोलं आणि आगळ घेऊन जातात आणि पैसे हातावर ठेवतात. दुसरी म्हणजे दुकानं आणि किनाऱ्याकडची हॉटेलं. त्यांची मागणी मोठी, भाव बरा, पण पैसे? माल गेला की तीन-चार महिने नुसते फोन करायचे. बार्देशातल्या एका रिसॉर्टकडे माझं आगळ नियमित जायचं. सोलकढी त्यांच्या मेन्यूवर होती, बिलं मात्र हिशेबनिसाच्या खणात. आणि भिरंडांचे पैसे बागायतदाराला मला रोखच द्यावे लागतात. उधारीवर भिरंडं कोण देणार? पुढच्या हंगामाचं भांडवल असं दुसऱ्याच्या खणात पडून राहिलं की घरच्या धंद्याची कंबरच मोडते.

माझी सोलं घेणारे एक किराणावाले काका आहेत, संघाचे जुने सभासद. एकदा त्यांच्या दुकानातूनच मी त्या रिसॉर्टला फोन लावत होते. ते ऐकून काका म्हणाले, "वयनी, तू एकटी फोन करतेस म्हणून तो उचलत नाही. संघात ये. आमचेही पैसे थकतात, पण निदान कुणाशी कसं बोलायचं ते आम्हाला कळतं."

अर्ज घेतला. त्यातला प्रत्येक रकाना दुकान डोळ्यांपुढे ठेवून छापलेला. दुकानाचा पत्ता, दुकानाचा परवाना, जीएसटी क्रमांक. नुसता माल विकणाऱ्याला गोव्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, म्हणून तिथे मी 'लागू नाही' असं लिहिलं आणि उद्यमचं प्रमाणपत्र जोडलं. ते चाललं. अडलं ते पत्त्यावर.

गोव्यात ज्यांनी घराचे कागद हाताळलेत त्यांना हे लगेच समजेल. आमच्या घराची घरपट्टी अजून नवऱ्याच्या आजोबांच्या नावाने येते. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे सगळी मुलं वारस, मुलीसुद्धा, आणि इन्व्हेंटारी, म्हणजे वारसांची आणि मालमत्तेची कोर्टातली मोजदाद, होऊन वाटण्या होईपर्यंत घर सगळ्यांचं समाईक. राहतो आम्ही, पण कागदावर हिस्सेदार मुंबईत, वास्कोत, बेळगावात. या घरात धंदा चालतो याला पंचायतीचा ना हरकत दाखला हवा, आणि दाखल्यासाठी हिस्सेदारांची संमती. मी चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत थांबले. चवथीला सगळं कुटुंब एका छपराखाली येतं. आरती झाल्यावर माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, बसून कागद पुढे केला. मुंबईच्या चुलत सासऱ्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि विचारलं, "सूनबाई, धंद्याच्या नावावर उद्या घरावर हक्क नाही ना सांगणार?"

प्रश्न रास्त होता. अशा कागदांवरून इथे भाऊ-भाऊ कोर्टात गेले आहेत. मी त्यांच्या समोरच एक ओळ वाढवली: ही संमती फक्त सोलं-आगळ-लोणच्याच्या घरगुती उत्पादनासाठी आहे, तिने घराच्या मालकीत किंवा हिश्शात काही फरक पडत नाही. मग सगळ्यांनी सह्या केल्या. तुमचं घर समाईक असेल तर ही ओळ पहिल्यापासूनच घाला. पुढे पंचायतीत सचिव-सरपंचांकडे फेऱ्या झाल्या, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही.

दोन सभासदांनी नाव सुचवावं लागतं. एक काका झाले, दुसरा माझ्या बाटल्या-बुचांचा पुरवठादार. कार्यकारिणीपुढे बोलावलं तेव्हा एका सभासदाने विचारलं, "दुकान नाही, फलक नाही, मग हिला व्यापारी म्हणायचं कसं?" मी गेल्या वर्षाची बिलबुकं टेबलावर ठेवली. त्यांतली काही बिलं तिथेच बसलेल्या दोघांच्या दुकानांची होती. पुढे प्रश्न आला नाही.

सभासद झाल्यावर पहिले काही महिने हाती फारसं लागलं नाही. बैठकांचे विषय बाजारातलं पार्किंग, कचरा उचलण्याची वेळ, रस्त्यावर बसणारे विक्रेते. दुकानदारांना हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, मला त्यांत सांगण्यासारखं नव्हतं. वेळही संध्याकाळी दुकानं बंद झाल्यावरची, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची. घरून धंदा करणाऱ्या आणखी बायका तिथे असत्या तर वेळ केव्हाच बदलली असती, असं मला वाटतं.

मग हंगामाच्या आधी, फेब्रुवारीत, संघाने एका कर सल्लागारांना बोलावलं. २०२४ सालची गोष्ट. त्या तासाभराने माझी वर्गणी फिटली.

त्यांनी सांगितलं ते असं. सूक्ष्म आणि लघू उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. नोंदणी असलेल्या अशा उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण कशीही ४५ दिवसांच्या आत, पैसे चुकते करायचे. लेखी करार नसला तर मुदत १५ दिवसांची. ती टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं. दाद मागायला सुविधा परिषद आहे, आणि तक्रार तेव्हा 'समाधान' पोर्टलवर घालता येत होती. हे सगळं जुनंच. नवीन होतं ते तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातलं ४३बी कलमाचं एच पोटकलम. त्या आर्थिक वर्षापासून मुदतीत न भरलेलं बिल माल घेणाऱ्याला त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येणार नव्हतं. ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी दाखवायचं. म्हणजे मार्चअखेर माझे पैसे थकले असले तर तेवढ्या रकमेवर रिसॉर्टला जादा कर पडणार.

मी विचारलं, "हा कायदा घरात सोलं करणारीलाही लागू आहे?" ते म्हणाले, "ताई, तुम्ही उत्पादक आहात, उद्यम नोंदणी आहे, मग घर की कारखाना हा प्रश्नच येत नाही. नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही." खोली भरून दुकानदार बसले होते. त्यांतल्या बहुतेकांना न मिळणारा हक्क मला मिळत होता, आणि तो मला त्यांच्या संघात येऊन कळला.

दुसऱ्या दिवशी काकांच्या दुकानात बसून आम्ही पत्र लिहिलं. भांडणाचा सूर मुद्दाम ठेवला नाही. उद्या त्यांनाच माल द्यायचा होता. थकलेल्या बिलांची यादी, प्रत्येकाची तारीख, उद्यम क्रमांक, कायद्याची कलमं आणि शेवटी "३१ मार्चपूर्वी चुकते केल्यास आपल्या हिशेबातही सोयीचे होईल" असं एक वाक्य. खाली माझ्या सहीजवळ संघाचा सभासद क्रमांक. पत्र हिशेबनिसाला न पाठवता मालकांच्या नावे पाठवलं. हा सल्लाही बैठकीतलाच. तीन वर्षं माझा फोन न उचलणाऱ्या कार्यालयातून मलाच फोन आला. जुनी सगळी बिलं मार्च संपायच्या आत चुकती झाली. व्याज मी मागितलं नाही. ते मागावं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय. मला पुढची ऑर्डर जास्त मोलाची वाटली. आता नव्या गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर मुदत लिहून घेते आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापते.

पत्राने काम केलं की सभासद क्रमांकाने? कायदा संघाविनाही माझ्या बाजूनेच होता. पण तो मला सांगितला कुणी? आणि एकट्या बाईच्या पत्रामागे बाजारातले शंभर जण उभे दिसले की समोरचा ते पत्र बाजूला सारत नाही, हे मी या धंद्यात शिकले आहे.

दुकानदारांमध्ये बसून आणखीही कळलं. बंद पाकिटात माल भरून विकणाऱ्याला वजनमाप खात्याकडे वेगळी नोंदणी करावी लागते, हे अन्नसुरक्षेच्या कागदांत कुठे लिहिलेलं नसतं. बाटलीवर चौदा आकडी अन्नसुरक्षा क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, भरल्याची तारीख कशी छापायची ते मी त्यांच्या फळ्यांवरचा माल हातात घेऊन पाहिलं. उंच बाटली फळीवर आडवी ठेवावी लागते म्हणून दुकानदार तिला नाक मुरडतो, हेही तिथलंच ज्ञान. मी बाटली बदलली.

पणजीच्या गोवा चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्रीबद्दलही मला विचारतात. ही संस्था पोर्तुगीज अमदानीत, १९०८ साली स्थापन झालेली, गोव्यातली सर्वांत जुनी आणि वजनदार. सरकारपुढे मागण्या मांडणं, निर्यातीसाठी मालाच्या उगमाचा दाखला देणं अशी कामं तिथे होतात. उद्या आखातात सोलं पाठवायची झाली तर मी तिथे जाईन. आज मला माझ्या बाजारातला संघ जवळचा, कारण ज्यांच्याशी माझा रोजचा व्यवहार आहे ते तिथे बसतात.

माझी नणंद चवथीच्या काळात करंज्या-नेवऱ्या करून विकते. तिला मी संघात जाऊ नको म्हणून सांगितलं. तिचं गिऱ्हाईक वाड्यावरचं, पैसे रोख, उधारी नाही. तिला बचतगट आणि मोबाइलवरचा गट पुरतो. वर्गणीच्या पैशांत तिने पत्र्याचे चांगले डबे घ्यावेत. पण मडगावची माझी मैत्रीण हॉटेलांना नॅपकिन आणि उशांचे अभ्रे शिवून देते, तिची बिलं सदा अडकलेली. तिच्या मागे मी लागले आहे, तिथल्या संघाचा अर्ज आण म्हणून.

गेल्या वार्षिक सभेला मी लेखी ठराव दिला: घरातून उत्पादन करणाऱ्यांसाठी वर्गणी निम्मी करावी, अर्जात 'दुकानाचा पत्ता' या जागी 'व्यवसायाचा पत्ता' लिहावं, आणि महिन्यातली एक बैठक सकाळी अकराला घ्यावी. अर्जाची दुरुस्ती तिथल्या तिथे मान्य झाली. वर्गणीचा विषय कार्यकारिणीकडे गेला आहे. सकाळच्या बैठकीला मात्र दोघा-तिघांनी जोरात विरोध केला, त्या वेळी दुकान सोडून कोण येणार म्हणून. त्यांचंही खरं आहे. दुपारी एक ते चार बाजार बंद असतो, तेव्हाची वेळ मी आता सुचवली आहे.