आमची वाटचाल : दोन वर्षांनी एकदा खपणाऱ्या पुस्तकांचं दुकान

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांना तोटा नाही. शालेय पुस्तकं, गाइडं, स्पर्धा परीक्षा, इंजिनीयरिंग, सगळं हाकेच्या अंतरावर मिळतं. १९८९ मध्ये आम्ही तिथल्याच एका बोळात छोटा गाळा घेतला, तेव्हा आजूबाजूच्या अनुभवी दुकानदारांनी आपुलकीने सांगितलं, जे खपतं तेच ठेवा. आम्ही मात्र ठरवून बसलो होतो की दुकानात पदवीच्या पुढचं भौतिकशास्त्र, गणिती भौतिकी, खगोलभौतिकी आणि त्यांना लागून असलेले विषय, एवढंच ठेवायचं. मी पुणे विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली. यजमान एका घाऊक पुस्तकविक्रेत्याकडे हिशेब बघायचे. पुस्तकं मला कळत होती, धंदा त्यांना. बाकी सारं बँकेचं कर्ज.

काळ मात्र आमच्या बाजूने होता. १९८८ मध्ये विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था स्थापन झाली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. शेजारीच मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचं रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आलं. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश पुढच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या, एकेक ४५ मीटर व्यासाची. पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळा, तर १९५० पासून होतीच. देशभरातून संशोधक पुण्यात येऊ लागले आणि त्यांच्यामागून पीएच.डी.ची मुलं आली. त्यांना लागणारी पुस्तकं चौकात सहजी मिळत नसत. दिल्लीच्या दरियागंजातून मागवा, नाहीतर मुंबईला खेप करा, हाच मार्ग होता.

या धंद्यातली पहिली कसोटी भावाची. परदेशी पुस्तकावर डॉलर किंवा पौंडातली किंमत छापलेली असते. ग्रंथालयांना पुरवठा करताना तिचे रुपये करायला पुस्तकविक्रेत्यांच्या गुड ऑफिसेस कमिटीचे, म्हणजे आमच्या भाषेत जीओसीचे, दर लावायचा रिवाज. बिलाला त्या दराची प्रत जोडायची, प्रकाशकाच्या कॅटलॉगमधल्या किमतीचा पुरावा जोडायचा, तेव्हा कुठे बिल टेबलावरून पुढे सरकतं. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या घरात गेला. आमची कोटेशनं आधीच गेली होती. कॉलेजांनी कोटेशनचाच भाव धरला, पुरवठादाराने नव्या दराने पैसे मागितले. सोनं तारण ठेवून आम्ही तो माल सोडवला आणि प्रत्येक ऑर्डर पुरी केली. त्या वर्षी नफ्याचं नाव काढायची सोय नव्हती, पण दिलेला भाव पाळला म्हणून जी ग्रंथालयं जोडली गेली, ती पुढे कित्येक वर्षं आमच्याकडेच राहिली.

त्याच वर्षाच्या अखेरीला सोव्हिएत संघ मोडला. आमच्या पिढीला याचं दुःख वेगळ्याच कारणाने झालं. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाची पक्क्या बांधणीची पुस्तकं थोड्याशा रुपयांत मिळायची, आणि खेड्यातून आलेल्या मुलालाही चांगलं पुस्तक स्वतःच्या मालकीचं करता यायचं. मी स्वतः इरोडोवच्या भौतिकशास्त्राच्या उदाहरणसंग्रहावर वाढले. तो ओघ हळूहळू आटला. इरोडोव भारतीय पुनर्मुद्रणात टिकला, कारण आयआयटीच्या परीक्षेला बसणारी मुलं तो आजही घेतात. बाकीची कित्येक शीर्षकं बाजारातून गेली ती गेलीच.

आता आमच्या कपाटाविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण आमचा सगळा धंदा त्या कपाटात आहे. लँडाऊ आणि लिफ्शिट्झ या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञांची सैद्धांतिक भौतिकीची दहा खंडांची मालिका आम्ही पहिल्या वर्षापासून पूर्ण ठेवतो. जानेवारी १९६२ मध्ये लँडाऊंना मोटार अपघात झाला. त्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, पण काम करायची ताकद परत आली नाही आणि १९६८ मध्ये ते गेले. राहिलेले खंड लिफ्शिट्झ यांनी पिटायेव्हस्की यांना सोबत घेऊन पुरे केले. यातला पहिला, तिसरा आणि पाचवा खंड, म्हणजे यामिकी (मेकॅनिक्स), क्वांटम यामिकी आणि सांख्यिकी भौतिकी, हे सतत जातात. सहावा द्रवगतिकीचा आणि सातवा लवचीकतेचा, हे इंजिनीयरिंगकडची संशोधक मंडळी नेतात. नववा आणि दहावा मात्र बसून राहतात. दोन वर्षांत एखादी प्रत जाते, कधी तीही नाही.

हिशेबाच्या वहीत असं पुस्तक म्हणजे अडकलेला पैसा. यजमान दर एप्रिलला स्टॉक मोजताना त्या खंडांपाशी थांबायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. त्यांनी एकदाही काढून टाका म्हटलं नाही, याचं मला फार मोल वाटतं. एकदा प्लाझ्मावर काम करणारे एक संशोधक पुण्यात परिषदेसाठी आले होते. चौकात सहज फिरताना त्यांना काचेतून दहावा खंड दिसला. आत आले, तो घेतला, आणि बाकीची कपाटं बघत दुकान बंद होईपर्यंत थांबले. पुढे त्यांच्या प्रयोगशाळेची मागणीपत्रं आमच्याकडे येऊ लागली. दहावा खंड आहे म्हणजे इतरही असणार, असा हिशेब गिऱ्हाईक मनाशी करतं. कपाटातल्या न खपणाऱ्या पुस्तकावर खपणारी पुस्तकं उभी असतात, हे यजमानांनी तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगितलं.

दुसरी गोष्ट आमच्या टेबलाची. दुकानात जागा नसतानाही आम्ही एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या. पुस्तक घेण्याआधी बसून चाळायचं, वाटलं तर दोन पानं उतरवून घ्यायची. नगरकडचा एक मुलगा एकदा आला. म्हणाला, "काकू, लँडाऊचा पहिला खंड द्या. बारीक आहे, सुट्टीत वाचून होईल."

"अरे, बस आधी. लॅग्रांजियन झालंय का वर्गात?"

"या सेमिस्टरला आहे."

"मग दुसरं पान उघड."

त्या पुस्तकाची पावणेदोनशेसुद्धा पानं नाहीत. पण त्यात न्यूटनच्या नियमांपासून सुरुवात करायची पद्धतच नाही. व्यापक निर्देशक सांगून झाले की दुसऱ्याच पानावर, लॅग्रांजियनच्या आधाराने, लघुतम क्रियेचं तत्त्व येतं आणि सगळी यामिकी तिथून उलगडते. शिकलेलं पुन्हा एकदा वरून बघायचं असेल तर त्यासारखं पुस्तक नाही. पहिल्यांदाच शिकणाऱ्याचे मात्र पैसेही जातात आणि आत्मविश्वासही. त्या मुलाला मी गोल्डस्टाइनचं यामिकीचं पुस्तक दिलं, तेही जुनं, अर्ध्या किमतीचं. लँडाऊसाठी पुढच्या वर्षी ये म्हटलं. आला. अशा वेळी विक्री हातची जाते असं धंद्यातली माणसं म्हणतात. माझं मत वेगळं आहे. पोरगं चुकीचं पुस्तक घेऊन गेलं, तर दुकानावरच नव्हे, विषयावरच त्याचं मन उडतं.

आवृत्त्यांचंही असंच. ग्रंथालयाच्या मागणीत कित्येकदा नुसतं "जॅक्सन, एक प्रत" असतं. विद्युतगतिकीवरचं हे पुस्तक १९६२ चं. पहिल्या दोन आवृत्त्या गाउसच्या जुन्या पद्धतीच्या एककांत आहेत. १९९८ च्या तिसऱ्या आवृत्तीत पहिली दहा प्रकरणं आज सर्वमान्य असलेल्या एसआय एककांत केली आणि पुढची गाउसमध्येच ठेवली. दोन्ही पद्धतींत तीच सूत्रं वेगळी दिसतात. ज्या प्राध्यापकांच्या टिपणवह्या दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेल्या, त्यांच्या वर्गात मुलांनी तिसरी आवृत्ती नेली की जागोजागी ४π आणि प्रकाशाचा वेग यांची गल्लत होते. म्हणून आम्ही ऑर्डर पाठवण्याआधी फोन करून विचारतो. फोनचा खर्च आमचा.

सापेक्षतेत तर चिन्हांचीच भानगड. नांदेडची एक मुलगी दोन पुस्तकं शेजारी ठेवून बसली होती. तासाभराने उठून म्हणाली, "काकू, यातल्या एकात छपाईची चूक आहे. उणेच्या जागी अधिक पडलंय." चूक नव्हती. कणभौतिकीची बहुतेक पुस्तकं काळाला अधिक आणि अवकाशाला उणे चिन्ह देतात, गुरुत्वाकर्षणाची कित्येक पुस्तकं नेमकं उलट. मिझ्नर, थॉर्न आणि व्हीलर या तिघांचं १९७३ चं साडेबाराशेहून जास्त पानांचं जाडजूड पुस्तक आहे. त्यात सुरुवातीलाच, वेष्टणाच्या आतल्या बाजूला, कोणत्या लेखकाने कोणती चिन्हं वापरली आहेत याचा तक्ता दिलाय. तो तक्ता तिला दाखवला. तिने वहीत उतरवून घेतला आणि आपलं पातळ पुस्तकच घेऊन गेली. तिला तेव्हा तेवढंच हवं होतं.

ही मुलं बारावीपर्यंत किंवा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. त्यांना समीकरण अडत नाही, समीकरणाच्या वरचा परिच्छेद अडतो. म्हणून टेबलापाशी बसल्यावर मी तो परिच्छेद मराठीत बोलून दाखवते. हे आमच्या कामाचा भाग आहे असंच आम्ही मानत आलो.

ग्रंथालयांच्या पुरवठ्याबद्दल फार लिहीत नाही. मार्च एंड आला की अनुदान संपवायची घाई, रात्री गठ्ठे बांधायचे, चलनं तीन प्रतींत करायची आणि मग पैशासाठी पुढच्या दिवाळीपर्यंत थांबायचं. एका कॉलेजने आमची मोठी रक्कम काही वर्षं अडकवली होती. वसुलीसाठी यजमानांनी एसटीने किती हेलपाटे घातले ते त्यांनाच ठाऊक. पुढे निविदा आल्या, सर्वांत कमी भावाला काम असा नियम झाला. आवृत्ती विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्याला एकाच तराजूत घालणारा हा नियम मला कधीच पटला नाही. आम्ही निविदांच्या मागे धावणं सोडलं.

इंटरनेटने धंदा बदलला, हे तर सगळ्यांचंच झालं. भौतिकशास्त्रात ते जरा आधी झालं इतकंच. संशोधनलेख छपाईआधीच सगळ्यांसाठी ठेवणारं अर्काइव्ह (arXiv) हे संकेतस्थळ १९९१ पासून आहे. फाइनमनची भौतिकशास्त्रावरची व्याख्यानं अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाने २०१३ पासून वाचायला मोफत खुली केली. ग्रंथालयांचा पैसा नियतकालिकांच्या आणि ई-पुस्तकांच्या एकगठ्ठा वर्गणीत जाऊ लागला. आता केंद्र सरकारची एक देश एक वर्गणी योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या सरकारी कॉलेजातल्या मुलाला मोठमोठी नियतकालिकं वाचता येणार असतील तर त्याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो लेख समजण्याआधी जी दोन वर्षं पाठ्यपुस्तकाशी झटावं लागतं, त्याला तोड नाही. पेन्सिल हातात, तीन ठिकाणी बोटं घातलेली, चाळीस पानं मागे जाऊन परत यायचं. पडद्यावर हे होत नाही असं मला पन्नाशी-साठीतल्या प्राध्यापकांनी नाही, विशीतल्या मुलांनी सांगितलंय. त्यांच्याकडे फाइल असते आणि तरी ती पुस्तक न्यायला येतात.

किमती मात्र खरोखरच डोईजड झाल्यात. मुद्रित पुस्तकांवर जीएसटी नाही, पण २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसलं. ज्या पुस्तकांची भारतीय आवृत्ती निघते त्यांचं ठीक आहे. ज्यांची निघत नाही, त्यांची किंमत विद्यार्थ्याच्या महिन्याच्या मेसपेक्षा जास्त होते. म्हणून आम्ही जुन्या पुस्तकांचा विभाग वाढवला. निवृत्त प्राध्यापकांचे संग्रह योग्य भाव देऊन घेतो, बांधणी दुरुस्त करून घेतो आणि विकतो. समासात त्या प्राध्यापकांनी केलेल्या टिपा असतात, त्या आम्ही पुसत नाही. मुलं अशी प्रत मुद्दाम मागून घेतात.

मागणीचे वारे कसे फिरतात ते आमच्या वहीत दिसतं. ११ फेब्रुवारी २०१६ ला आइनस्टाइनच्या सापेक्षतेने भाकीत केलेल्या गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर झालं, आणि ज्या सापेक्षतेची पुस्तकं मी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती ती विचारत मुलं येऊ लागली. या शोधात आयुकातल्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता, त्यामुळे पुण्यात त्याचा उत्साह जास्तच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हापासून मराठवाड्यातून जास्त फोन येतात. त्याच वर्षी राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं आणि क्वांटम माहितीशास्त्राचं एक अख्खं कपाट उभं करावं लागलं. त्यात संगणकशास्त्राची मुलंही येतात. त्यांना आधी रेषीय बीजगणिताकडे पाठवावं लागतं, आणि ती जातात.

आता दुकान आमचा पुतण्या बघतो. त्याने सगळा साठा ऑनलाइन चढवलाय. धुळे, लातूर, सावंतवाडी, पणजी, सगळीकडे पार्सलं जातात. मी दुपारी टेबलापाशी असते. सध्या आम्ही विषयवार याद्या करतोय : अमुक पुस्तक घेण्याआधी कोणतं गणित झालेलं हवं, कोणती आवृत्ती घ्यावी, एकके कोणती, चिन्हं कोणती, भारतीय आवृत्ती आहे का, जुनी प्रत मिळेल का. सांख्यिकी भौतिकी आणि विद्युतगतिकीची यादी झाली, क्वांटम यामिकीची चालू आहे. जूनमध्ये वर्ग सुरू व्हायच्या आत त्या ग्रामीण भागातल्या एम.एस्सी.च्या विभागांना छापून पाठवायच्या आहेत. ज्या विभागांना हव्या असतील त्यांनी कळवावं, याद्यांचे पैसे घेणार नाही. आणि लँडाऊचा नववा आणि दहावा खंड दोन्ही शिल्लक आहेत.