गॉलच्या मुलखात: बिब्राक्तपासून अलेसियाच्या वेढ्यापर्यंत

केल्टिक टोळ्या आणि रोमन फौजा यांच्यावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा नाद लागला की काही दिवसांनी एक गोष्ट खटकायला लागते. लेखक कोणीही असो, केल्ट तेच: घनदाट अरण्य, पांढऱ्या दाढीचा ड्रुइड, म्हणजे त्यांचा पुरोहित, उघड्या छातीचे योद्धे आणि शेवटी शिस्तीच्या रोमन पलटणीपुढे पराक्रम गाजवून मरण. हे चित्र आलं कुठून याचा माग काढला, तर बरेचसे धागे एकाच पुस्तकापाशी पोचतात आणि ते जिंकणाऱ्याने लिहिलेलं आहे. इ.स.पू. 58 पासून रोमन सेनापती ज्यूलियस सीझरने गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स आणि बेल्जियम (तिथले केल्ट ते गॉल लोक), जिंकायला घेतला आणि त्या मोहिमेची हकीकतही स्वतःच लिहिली, तीही 'सीझर म्हणाला, सीझर निघाला' अशा थाटात. समोरच्या बाजूने लिहिलेलं एक पानही आपल्या हाती नाही. जमीन मात्र आहे. ती बघायला आम्ही दोघी मैत्रिणी फ्रान्समधल्या बर्गंडीत गेलो. त्या वाटेने कोणाला जायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

पहिला सल्ला क्रमाचा. बहुतेक जण पॅरिसहून थेट अलेसियाला, म्हणजे सीझरने गॉल फौजेला वेढा घातला त्या टेकडीकडे, जातात, कारण तिथे रेल्वे जाते. शक्य असेल तर आधी बिब्राक्त बघा. गोष्ट तिथे सुरू होते आणि कादंबऱ्यांमधलं जंगली केल्टांचं चित्र तिथेच पुसलं जातं.

बिब्राक्त ही एडुई या गॉल टोळीची राजधानी. आज तो मोर्व्हाँच्या जंगलातला 821 मीटर उंचीचा डोंगर आहे, नाव मों बोव्रे. गाडीशिवाय इथे पोचणं जिकिरीचं आहे, त्यामुळे दिजाँहून भाड्याची गाडी घेतलेली बरी. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या आणि गिअरची गाडी नको असेल तर ऑटोमॅटिक आधीच आरक्षित करा, आयत्या वेळी ती मिळण्याची खात्री नसते. जंगलात मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

रस्ता चढत जातो आणि एका वळणावर तट समोर येतो. हा मूळ जागेवर पुन्हा उभारलेला दरवाजा. गॉल लोकांची तट बांधायची पद्धत वेगळी होती. लाकडाचे ओंडके आडवे-उभे रचायचे, ते एकमेकांना छेदतात तिथे लांब लोखंडी खिळे ठोकायचे, पोटात दगडमाती भरायची आणि दर्शनी बाजूला दगड लावायचे. सीझरनेही या तटांचं कौतुक केलं आहे: दगडामुळे आग लागत नाही आणि लाकडामुळे धडक मारून पडत नाही. पण इथे मला नवल वाटलं ते दरवाजाच्या रुंदीचं. जवळजवळ वीस मीटर! आपले किल्ले पाहिलेल्या माणसाला हे पटतच नाही. आपल्याकडे दरवाजा अरुंद, वाट वळणाची, शत्रूला हत्तीसुद्धा नीट आणता येऊ नये अशी. इथे मात्र येणाऱ्याचे डोळे दिपावेत हाच हेतू दिसतो. तटाची लांबी पाच किलोमीटरच्या आसपास. हा तट लढण्यापेक्षा मिरवण्यासाठी जास्त बांधला असावा, असं माझं मत झालं.

आत रस्ते होते, लोहारांच्या आणि मीनाकाम करणाऱ्यांच्या वस्त्या होत्या, एका रस्त्याच्या मधोमध गुलाबी ग्रॅनाइटचा होडीच्या आकाराचा हौद होता. तो आजही बघता येतो आणि तो कशासाठी होता यावर अभ्यासकांचे तर्क चालूच आहेत. सर्वांत जास्त सापडली ती इटलीहून आलेल्या दारूच्या मातीच्या रांजणांची खापरं. डायोडोरस हा प्राचीन इतिहासकार लिहितो की दारूच्या एका रांजणाच्या बदल्यात गॉल माणूस एक गुलाम देऊन टाकी. तो नक्कीच वाढवून सांगत असेल. पण डोंगराखालच्या संग्रहालयात ते रांजण बघितले की एक गोष्ट पक्की कळते. रोमची फौज येण्याच्या कितीतरी आधी रोमचा व्यापारी आला होता आणि त्याचं स्वागत झालं होतं.

कादंबऱ्यांमध्ये 'रोम विरुद्ध केल्ट' असा सरळ सामना असतो. बिब्राक्तमध्ये तो टिकत नाही. एडुई हे रोमचे जुने मित्र, सिनेटने त्यांना 'बंधू' म्हणून गौरवलेलं. त्यांचा एक पुढारी डिव्हिटियाकस ड्रुइड होता. शेजारच्या टोळ्यांविरुद्ध मदत मागायला तो रोमला गेला, तिथे प्रसिद्ध वक्ता आणि लेखक सिसरो याला भेटला आणि सिसरोने त्याच्या ज्ञानाची वाखाणणी करून ठेवली आहे. त्याचाच धाकटा भाऊ डम्नोरिक्स रोमचा कट्टर विरोधक. इ.स.पू. 54 मध्ये सीझर त्याला बळेच ब्रिटनच्या मोहिमेवर नेत होता. तो छावणीतून निसटला, पाठलाग झाला आणि 'मी स्वतंत्र आहे, स्वतंत्र राज्याचा आहे' असं ओरडत मारला गेला. हेही आपल्याला सीझरच सांगतो. दोन भाऊ, एक रोमच्या दारात मदत मागणारा आणि एक रोमच्या घोडेस्वारांकडून मरणारा. मला विचाराल तर या विषयावरची खरी कादंबरी इथे आहे. मी तरी ती अजून वाचलेली नाही. कोणी मराठीत लिहायला घ्यावी.

इ.स.पू. 52 मध्ये याच डोंगरावर टोळ्यांची सभा भरली आणि आर्वेर्नी टोळीच्या तरुण व्हर्सिंगेटोरिक्सकडे सगळ्यांचं सेनापतिपद कायम झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस, युद्ध जिंकल्यावर, सीझर हिवाळ्याला इथेच मुक्कामाला होता. पुढे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात खाली सपाटीवर ओतँ हे नवं रोमन शहर वसलं आणि लोक डोंगरावरून तिकडे उतरले. शहर जाळलं गेलं नाही, हळूहळू रिकामं झालं. ओतँमध्ये दोन रोमन वेशी आणि एक नाट्यगृह आहे. परतीच्या वाटेवर तासाभरात होतं, त्यासाठी वेगळा दिवस काढू नका.

डोंगरावर फिरायला तिकीट नाही, संग्रहालयाला आहे. संग्रहालय हिवाळ्यात बंद असतं. उन्हाळ्यात गेलात तर उत्खनन चालू असलेलं बघायला मिळतं, म्हणून जुलै-ऑगस्ट चांगला. बूट चांगले हवेत आणि उन्हाळ्यातही एक जाकीट, कारण धुकं कधी उतरेल सांगता येत नाही.

तिथून अलेसिया गाडीने सुमारे दोन तास. गाडी नसेल तर पॅरिसच्या बेर्सी स्टेशनातून दिजाँकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाडीने 'ले लोम-अलेसिया' या स्टेशनवर उतरायचं. या गाड्यांना आरक्षण लागत नाही, पण त्या दर तासाला असतील असं समजू नका. परतीच्या गाडीची वेळ पाहूनच स्टेशन सोडा. स्टेशनपासून संग्रहालय चालत अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि टेकडीवरचे अवशेष आणखी पुढे, चढावर. पाय दुखत असतील किंवा सोबत वडीलधारी मंडळी असतील तर टॅक्सी आदल्या दिवशी ठरवा. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी नसते.

टेकडीचं नाव मों ओस्वा. पायथ्याशी आलीझ-सँत-रेन हे छोटं गाव. आधी संग्रहालयाच्या गच्चीवर जा. 2012 मध्ये उघडलेली ही गोल, लाकडी जाळीने वेढलेली इमारत बर्नार्ड चुमी या वास्तुकाराची. ती मैदानात बरोबर रोमन सैन्याच्या जागी उभी आहे. गच्चीवरून चहूकडच्या टेकड्या दिसतात आणि पुस्तकात दहादा वाचून न कळलेला वेढा दोन मिनिटांत कळतो. टेकडीवर व्हर्सिंगेटोरिक्स आणि, सीझरच्या आकड्यांनुसार, 80,000 माणसं. त्यांच्याभोवती रोमनांची आत तोंड केलेली 11 रोमन मैलांची फळी. मग मदतीला मोठी फौज येणार हे कळल्यावर बाहेर तोंड केलेली 14 मैलांची दुसरी फळी. वेढा घालणारा स्वतःच वेढ्यात! बाहेरून आलेल्या फौजेचा आकडा सीझर अडीच लाखांच्या घरात सांगतो. तो कोणीही जसाच्या तसा मानत नाही, तुम्हीही मानू नका.

इमारतीबाहेर या फळ्यांचा शंभर मीटरचा तुकडा उभारला आहे. खंदक, मातीचा बांध, त्यावर बुरूज आणि पुढे सापळ्यांचे पट्टे: अणकुचीदार फांद्यांच्या रांगा, तळाशी टोकदार खुंट असलेले आणि वरून काटक्यांनी झाकलेले खड्डे, जमिनीत पुरलेले लोखंडी आकडे. त्या खड्ड्यांना सैनिक 'लिली' म्हणत, त्या फुलासारखे दिसतात म्हणून. सैनिकांचा विनोद सगळीकडे सारखाच. 1991 ते 1997 मध्ये फ्रेंच आणि जर्मन पुरातत्त्वज्ञांनी इथे खोदकाम केलं तेव्हा खंदक आणि सापळे सापडले, पण सीझरने लिहिल्याइतके एकसारखे नाहीत, जागेनुसार बदललेले. सीझरचा सरदार लाबिएनस याच्या नावाचा ठसा असलेल्या गोफणीच्या शिशाच्या गोळ्याही मिळाल्या. तरीही खरी अलेसिया इथे नसून जुराच्या डोंगराळ भागात आहे, असं म्हणणारे लोक फ्रान्समध्ये आहेत. हा वाद जेवणाच्या टेबलावर काढू नका, जेवण थंड होतं.

मग टेकडीवर चढा. वर मुख्यतः नंतरच्या काळातल्या गॅलो-रोमन, म्हणजे रोमन अमलाखालच्या गॉल लोकांच्या, गावाचे अवशेष आहेत: नाट्यगृह, देऊळ, कारागिरांची घरं. वेढ्याच्या वेळचं गाव शोधत बसू नका. त्याऐवजी कड्याच्या टोकाशी उभं राहून खालचा उतार बघा. उपाशी पडायची वेळ आली तेव्हा गावात मसलत झाली. त्यात क्रिटोग्नाटस नावाच्या सरदाराने शरण जाण्यापेक्षा लढायला निरुपयोगी माणसांना खाऊन तग धरा असं सांगितलं, अशी सीझरची हकीकत. भाषण सविस्तर दिलं आहे. कोट वेढलेला, वक्ता आत, सीझर बाहेर, मग हे त्याने ऐकलं कुठून? इथे सीझर सरळ कादंबरीकार होतो. गंमत म्हणजे रोमविरुद्धचा सर्वांत धारदार मुद्दाही त्याने याच राक्षसी तोंडी घातला आहे: बाकीचे शत्रू लुटून निघून जातात, रोमन मात्र जमीन बळकावून कायमची गुलामी लादतात.

त्या मसलतीनंतर जे झालं त्याला सीझर मोजक्या ओळी देतो. ज्यांचं हे गाव होतं त्या मांडुबी लोकांना, बायकामुलांसकट, बाहेर काढलं गेलं. ते रोमन फळीपाशी आले, आम्हाला गुलाम करा पण खायला द्या म्हणून रडले. सीझरने बांधावर पहारे बसवले आणि कोणालाही आत घ्यायला मनाई केली. पुढे काहीच नाही. मजकूर लढाईकडे वळतो. ते सगळे मधल्या मध्ये मेले हे नंतरच्या काळातला इतिहासकार कॅसियस डिओ याने लिहिलं आहे. गावाची तटबंदी आणि रोमनांचा बांध यांच्यामधला तो पट्टा वरून सलग दिसतो, आज तिथे कुरणं आहेत. मी वाचलेल्या कादंबऱ्यांमध्ये हा प्रसंग एखाद्या पानात उरकतो, कारण नायकाला लढायला जायचं असतं. ज्या यजमानांनी आसरा दिला त्यांनाच बाहेर काढणारा नायक रंगवणं अवघड आहे, हे मान्य.

नायकाचा पुतळा टेकडीच्या पश्चिम टोकाला आहे. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने 1865 मध्ये एमे मिले या शिल्पकाराकडून करवून घेतलेला, तांब्याच्या पत्र्याचा, साडेसहा मीटरहून उंच. मोठाल्या मिशा, लांब केस. चेहरा तिसऱ्या नेपोलियनशी मिळताजुळता आहे असं म्हणतात. व्हर्सिंगेटोरिक्सच्या नावाच्या नाण्यांवर मात्र मिशाच नाहीत. खाली चौथऱ्यावर एकसंध गॉल सगळ्या जगाला आव्हान देऊ शकतो, अशा अर्थाचं वाक्य कोरलं आहे. याच सम्राटाने सीझरचं चरित्रही लिहिलं होतं. पुतळ्यानंतर पाच वर्षांनी तो स्वतः प्रशियाच्या हाती सापडला. वेढा फुटला नाही आणि व्हर्सिंगेटोरिक्स शरण आला; त्याला सहा वर्षं कैदेत ठेवून इ.स.पू. 46 च्या विजययात्रेनंतर रोममध्ये मारण्यात आलं. घोड्यावरून येऊन सीझरपुढे शस्त्रं टाकण्याचा जो प्रसंग चित्रांत दिसतो, तो चरित्रकार प्लुटार्कने नंतर लिहिलेला. सीझर स्वतः त्याला दोन-तीन शब्दांत निकालात काढतो.

खाण्याचं बघा. गावाकडे दुपारचं जेवण बारा ते दोन, त्यानंतर स्वयंपाकघर बंद. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरंच काही बंद असतं, तेव्हा ब्रेड, फळं गाडीत ठेवा. शाकाहारी असाल तर आधी फोन करून सांगा. इथलं एपोआस हे तिखट वासाचं चीज प्रसिद्ध आहे, पण अशा पारंपरिक चीजमध्ये बहुधा प्राण्याच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) असतं, कडक शाकाहाऱ्यांनी विचारून घ्यावं. जवळच्या फ्लाव्हिन्यी गावात जुन्या मठात आणीसच्या (बडीशेपेसारख्या दाण्याच्या) गोळ्या बनतात, एका दाण्यावर साखरेचे थर देऊन. सामानात वजन होत नाही, भेट म्हणून उत्तम.

अलेसियाचं संग्रहालयही हिवाळ्यात काही आठवडे बंद असतं. तिकीट काढताना टेकडीवरच्या अवशेषांचा त्यात समावेश आहे का ते विचारा. तिसऱ्या नेपोलियनच्या काळातल्या उत्खननातल्या बऱ्याच मूळ वस्तू मात्र पॅरिसजवळ सँ-जेर्मँ-आं-ले इथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. पॅरिसच्या आरईआर ए या उपनगरी रेल्वेच्या सँ-जेर्मँ-आं-ले फाट्यावरच्या शेवटच्या स्टेशनवर उतरलं की समोरच तो किल्लेवजा राजवाडा. त्यासाठी अर्धा दिवस ठेवा, आणि तो मंगळवार नसावा, मंगळवारी ते बंद असतं.